नवी दगडखाण सुरू करायची आहे? महाराष्ट्रात खाणपट्ट्याचा अर्ज कसा करावा

आपल्याकडे खडीला मागणी कायम असते. रस्ता, पूल, धरण, घर, काहीही बांधायचं तरी काळा दगड लागतोच आणि दख्खनच्या पठारावर तो पायाखालीच आहे. त्यामुळे माळाची दोन-चार एकर जमीन असलेल्या शेतकऱ्याला किंवा क्रशर टाकू पाहणाऱ्या तरुणाला वाटतं, दगड आपला, जमीन आपली, मग अडचण कुठे आहे? बहुतेकांचा क्रम असा असतो: आधी जमिनीचा विसार, मग क्रशरसाठी कर्ज, मग पोकलेन, आणि शेवटी तहसीलमध्ये चौकशी. हा क्रम उलटा करा. खालच्या सगळ्या पायऱ्यांमागे माझं एकच सांगणं आहे. अर्जावर सही करण्याआधी, त्या गटात कायदेशीरपणे केवढा खड्डा निघू शकतो हे कागदावर मांडून पाहा. निम्म्याहून अधिक जागा तिथेच बाद होतात, आणि त्या तिथेच बाद झालेल्या बऱ्या.

जमीन तुमची, दगड शासनाचा

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ४८ नुसार जमिनीतलं खनिज शासनाच्या मालकीचं आहे. सातबारा तुमच्या नावावर असला तरी विक्रीसाठी दगड काढायला परवानगी लागते आणि स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, भरावी लागते. बांधकामाचा दगड गौण खनिजात मोडतो. केंद्राच्या १९५७ च्या खाण व खनिज कायद्यातल्या कलम १५ ने गौण खनिजांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. त्यानुसार आपल्याकडे महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, २०१३ चालतात. हे नियम अनेकदा दुरुस्त झाले आहेत, म्हणून जुन्या छापील प्रतीवर विसंबू नका. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेतून दुरुस्त्यांसह प्रत घ्या आणि एकदा तरी स्वतः वाचा.

परवानगीचे मार्ग दोन आहेत. ठरावीक ब्राससाठी (ब्रास म्हणजे शंभर घनफुटांचं माप), थोड्या मुदतीचा अल्पमुदतीचा परवाना, जो परिमाणानुसार तहसीलदार, प्रांत किंवा अपर जिल्हाधिकारी देतात. आणि काही वर्षांसाठीचा खाणपट्टा, जो जिल्हाधिकारी मंजूर करतात. विहिरीचा निघालेला दगड, शेततळ्याचा मुरूम, एखाद्या रस्त्याच्या कामापुरती गरज, यांसाठी अल्पमुदतीचा परवाना ठीक आहे. एकाच गटावर लागोपाठ असे परवाने काढून कायमची खाण चालवण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते. ती करू नका. ना आराखडा, ना खड्ड्याच्या कडांना पायऱ्या, ना पर्यावरणाची तपासणी, आणि शेवटी सगळ्या परवान्यांची बेरीज एका दंडाच्या नोटिशीत होते. धंदा करायचा असेल तर खाणपट्टाच घ्या.

शासकीय जमिनीवरचा खाणपट्टा लिलावातून मिळतो. तिथे तुम्ही गट निवडून अर्ज करत नाही, तर जाहिरातीवर लक्ष ठेवता. हा लेख खाजगी जमिनीवरच्या खाणपट्ट्याबद्दल आहे.

सातबारा नुसता पाहू नका, वाचा

चालू सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार काढा. फेरफार मागे जितके जाता येतील तितके मागे न्या. पाहायच्या गोष्टी अशा: इतर हक्कात कुणाचं नाव, कूळ, बोजा, पुनर्वसनाचा शेरा किंवा न्यायालयातला वाद आहे का? जमीन भोगवटादार वर्ग २ ची, इनाम-वतनाची आहे का? सामाईक खातेदार किती आहेत? मुंबईला असलेल्या चुलत्याची आणि सासरी गेलेल्या आत्याची संमतीसुद्धा लागतेच. जमीन दुसऱ्याची असेल तर संमतीपत्र आणि भाडेकरार दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. नोटरी केलेल्या बाँडवर दहा वर्षांचा धंदा उभा करू नये. भाव वाढला की पहिला वाद मालकाशीच होतो.

मग जंगल. कोकणात सातबाऱ्यावर 'खाजगी वन' असा शेरा असतो, आणि १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यामुळे ती जमीन वनात धरली जाते. विदर्भात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत झुडपी जंगलाचा प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ च्या निकालात झुडपी जंगल ही वनजमीनच असल्याचं स्पष्ट केलं. जागेवर एकही झाड नसलं तरी नोंद असेल तर ती वन आहे. उपवनसंरक्षक कार्यालयाचा दाखला सुरुवातीलाच मागा, कारण त्याला सर्वांत जास्त वेळ लागतो.

राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्याच्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत खाणकाम चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या आदेशात कायम ठेवलं आहे. काही अभयारण्यांचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र त्याहूनही मोठं आहे, म्हणून त्या-त्या अधिसूचनेचा नकाशा पाहावा. महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरान या परिसरांना स्वतःच्या वेगळ्या अधिसूचना आहेत. पश्चिम घाटाच्या ३१ जुलै २०२४ च्या प्रारूप अधिसूचनेत महाराष्ट्रातलं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. त्यात नव्या खाणींना मनाई आणि चालू खाणी पाच वर्षांत बंद करण्याचा प्रस्ताव आहे. अंतिम अधिसूचना निघालेली नाही म्हणून रान मोकळं, असा अर्थ कुणी काढू नये, कारण त्या पट्ट्यात नवी खाण न काढण्याचे केंद्राचे निर्देश नोव्हेंबर २०१३ पासून आहेत. गावांची यादी अधिसूचनेतच जोडलेली आहे, आपलं गाव तिच्यात शोधा.

तुमचा गट पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याच्या क्षेत्रात असेल तर ग्रामसभेच्या शिफारशीशिवाय गौण खनिजाचा पट्टा देता येत नाही. राज्यातल्या तेरा जिल्ह्यांत अनुसूचित क्षेत्र आहे, काही ठिकाणी तालुक्यातली मोजकीच गावं त्यात येतात.

दगड खरंच चांगला आहे का?

काळा दिसतो म्हणून तो खडीचा असं नसतं. दख्खनचा बेसाल्ट थरांवर थर असा साठलेला आहे. घट्ट थराच्या खाली किंवा वर भोकं-भोकं असलेला, पांढऱ्या खनिजांनी भरलेला मऊ थर असतो, आणि दोन थरांच्या मध्ये कधी तांबडी माती लागते. वर आठ फूट उत्तम दगड आणि खाली वीस फूट नरम, असं निघालं तर आराखड्यातलं सगळं गणित कोसळतं. शेजारच्या दोन-तीन विहिरींत उतरत गेलेले थर पाहा, त्याइतकी स्वस्त तपासणी दुसरी नाही. मग दोन-तीन ठिकाणी बोअर घेऊन नमुने प्रयोगशाळेत द्या. आघातमूल्य, चुरडमूल्य आणि पाणी शोषण या चाचण्या तरी कराच, कारण सार्वजनिक बांधकामाचा अभियंता आणि रेडीमिक्स काँक्रीटचा प्लांट दोघंही तेच अहवाल मागणार आहेत.

खड्ड्याचं गणित

आता कागद घ्या. एक हेक्टर म्हणजे १०० मीटर बाय १०० मीटर. अठरा मीटर खोल जायचं ठरवलं तर साधा हिशोब १,८०,००० घनमीटर दाखवतो. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. भागाकार केला की सुमारे ६३,६०० ब्रास येतात आणि माणूस खूश होतो.

पण १९६१ च्या धातुखनिज खाण विनियमांप्रमाणे खाणीच्या हद्दीपासून साडेसात मीटर आत काम थांबवावं लागतं. उरलं ८५ बाय ८५. कठीण दगडात पायरीची उंची सहा मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही. प्रत्येक पायरीला उंचीइतकी, म्हणजे सहा मीटर रुंदी धरली, की दुसरी पायरी ७३ बाय ७३ ची आणि तिसरी ६१ बाय ६१ ची होते. तिघांची बेरीज ९७,६५० घनमीटर, म्हणजे सुमारे ३४,५०० ब्रास. पहिल्या आकड्याच्या जेमतेम ५४ टक्के. वरची माती-मुरूम, उतरायचा रॅम्प आणि नरम थर अजून वजा करायचे आहेत.

आणि गटाच्या एका बाजूने सार्वजनिक रस्ता जात असेल तर? रस्ता, रेल्वे, सार्वजनिक बांधकाम किंवा दुसऱ्याची पक्की इमारत यांपासून ४५ मीटरच्या आत लेखी परवानगीशिवाय काम करता येत नाही. त्या बाजूने ४५ मीटर गेले की हातात ४७.५ मीटर रुंदीची पट्टी उरते. तीन पायऱ्या घेतल्यावर तळाशी जेमतेम २३.५ मीटर रुंदी राहते, आणि रॅम्प त्यातूनच काढायचा असतो. लांबट, चिंचोळ्या गटांचं असंच होतं. म्हणून मोठी, शक्यतो चौकोनी जागा पाहा. लोकवस्तीबाबत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची शिफारस बिनसुरुंगाच्या खाणीसाठी १०० मीटर आणि सुरुंग लावणाऱ्यासाठी २०० मीटर अंतराची आहे. मी तर म्हणेन, २०० मीटरवर समाधान मानू नका. सुरुंगाच्या बाराचे हादरे आणि उडालेला दगड यांच्या तक्रारी त्याच्याही पुढून येतात, आणि पुष्कळदा खऱ्या असतात.

ब्रासबाबत एक गोष्ट लक्षात असू द्या. खड्ड्यातला घट्ट एक ब्रास साधारण आठ टन भरतो, फोडून ढीग केलेला एक ब्रास साडेचार टनांच्या आसपास. खाण आराखडा टनांत किंवा घनमीटरमध्ये, वाहतूक पास ब्रासमध्ये आणि मोजणी खड्ड्याच्या आकारमानावर होते. कुठला ब्रास धरला हे पहिल्या दिवसापासून लेखी असेल तर पुढचे कितीतरी वाद टळतात.

गावाशी बोलणी

ग्रामपंचायतीचा ठराव गुपचूप मिळवण्याचा मोह होतो. तसा मिळवलेला ठराव पहिल्या तक्रारीला उलटतो. त्यापेक्षा ग्रामसभेत नकाशा घेऊन उभे राहा. ट्रक कुठल्या रस्त्याने जाणार, शाळा भरायच्या-सुटायच्या वेळी ते बंद राहतील का, बार दिवसा किती वाजता उडणार, रस्त्यावर पाणी कोण मारणार, हे सांगा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. सुरुंग सुरू होण्याआधी जवळच्या घरांचे आणि विहिरींचे तारखेसह फोटो काढा, विहिरींची पाणीपातळी नोंदवा, आणि त्यावर घरमालकाची सही घ्या. उद्या भिंतीला तडा गेला तर तो जुना की नवा, हे दोघांनाही कळेल. खरोखर तुमच्यामुळे गेला असेल तर भरपाई देणं सोपं जाईल.

अर्ज आणि चौकशी

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, विहित नमुन्यात, चलनाच्या प्रतीसह. सोबत सातबारा, आठ-अ, फेरफार, गाव नकाशा, भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा, सर्व खातेदारांची संमती, ओळखपत्रं, संस्था किंवा कंपनी असेल तर तिची कागदपत्रं, आणि थकबाकी नसल्याचे दाखले. मागितलेल्या क्षेत्राच्या चारही कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश मोजणी नकाशाशी जुळले पाहिजेत. मोबाइलवरून घेतलेले अंदाजे आकडे देऊ नका. तेच आकडे पुढे प्रत्येक कार्यालयात जातात आणि एकदा चुकले की दुरुस्तीचा फेरा पुन्हा तळापासून सुरू होतो.

त्यानंतर अर्ज खाली येतो. जागेची पाहणी होते, मंडळ अधिकारी आणि तलाठी पंचनामा करतात, तहसीलदार आणि प्रांत अहवाल देतात, खनिकर्म अधिकारी साठ्याचा अंदाज घेतात. वन, सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे, भूजल सर्वेक्षण, वीज कंपनी अशा कार्यालयांचे अभिप्राय मागवले जातात. पंचनाम्याच्या दिवशी स्वतः हजर राहा. चतुःसीमेतली विहीर, पाणंद, ओढा, मंदिर, विजेची तार हे सगळं पंचनाम्यात येऊ द्या. लपवलेला ओढा उपग्रहाच्या चित्रात दिसतोच.

इरादापत्रानंतर: आराखडा आणि पर्यावरण मंजुरी

सगळं जुळलं की जिल्हाधिकारी इरादापत्र देतात. हा परवाना नव्हे. याच्या जोरावर एक डबरही काढता येत नाही. यावर मान्यताप्राप्त व्यक्तीकडून खाण आराखडा करून घ्यायचा आणि भूविज्ञान व खनिकर्म संचालनालयाकडून मंजूर करून घ्यायचा. आराखडा करणाऱ्याला जागेवर न्या. दुसऱ्या खाणीचा आराखडा नाव बदलून चिकटवलेला असेल तर तो चटकन ओळखू येतो.

मग पर्यावरण मंजुरी. २७ फेब्रुवारी २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात निकाल दिला, तेव्हापासून पाच हेक्टरपेक्षा लहान गौण खनिज पट्ट्यालाही ही मंजुरी लागते. २०१६ मध्ये लहान पट्ट्यांसाठी जिल्हा पातळीवर प्राधिकरणं झाली होती. राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१८ च्या आदेशानंतर ते काम पुन्हा राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे गेलं. त्यामुळे कुणी जिल्ह्यातूनच मंजुरी आणून देतो म्हणालं तर त्याच्याकडे पैसे देऊ नका. अर्ज 'परिवेश' या केंद्राच्या संकेतस्थळावर होतो. तुमचं ठिकाण जिल्हा सर्वेक्षण अहवालात, म्हणजे जिल्ह्यातल्या गौण खनिजांच्या नोंदीत, आहे का ते आधी पाहा, नसेल तर खनिकर्म शाखेकडे समावेशाची मागणी करा.

इथे सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे ५०० मीटरचा दाखला. तुमच्या पट्ट्याच्या हद्दीपासून ५०० मीटरच्या आत त्याच खनिजाचे दुसरे पट्टे असतील तर सगळ्यांचा मिळून समूह धरला जातो. एकटा पट्टा पाच हेक्टरपेक्षा लहान असेल तर मार्ग तुलनेने छोटा: अर्ज, पूर्वव्यवहार्यता अहवाल, पर्यावरण व्यवस्थापन आराखडा, तज्ज्ञ समितीसमोर सादरीकरण. समूहाचं क्षेत्र पाच हेक्टरच्या वर गेलं की पूर्ण पर्यावरण आघात मूल्यांकन आणि जनसुनावणी लागते. हवा, पाणी, आवाज यांची मोजमापं पावसाळा सोडून एका हंगामाची, तीन महिन्यांची हवीत. एप्रिलमध्ये जाग आली तर पावसाळा आडवा येतो आणि अर्धं वर्ष जातं. ऑक्टोबरपासून मोजमापं सुरू होतील असा बेत करा. जनसुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं आणि तिची किमान तीस दिवस आधी जाहीर सूचना निघते. तिथे येणारी हरकत शत्रूची समजू नका. ओढा कुठून वाहतो आणि जनावरं कुठून जातात हे हरकत घेणाऱ्यालाच जास्त ठाऊक असतं, त्याचं उत्तर आराखड्यात दुरुस्ती करून द्या.

मंजुरी हातात आली की प्रदूषण नियंत्रण मंडळाची आधी उभारणीची आणि मग चालवण्याची संमती. क्रशर टाकणार असाल तर त्याचं प्रकरण वेगळं. धूळ कोंडणारं आच्छादन, पाण्याचे फवारे, वाऱ्याच्या दिशेला भिंत, आतला पक्का रस्ता आणि झाडांचा पट्टा हे पाचही हवेत. दगडाऐवजी कृत्रिम वाळूचा प्रकल्प डोक्यात असेल तर राज्याचं २०२५ चं धोरण वाचा. प्रत्येक जिल्ह्यातल्या ठरावीक प्रकल्पांना स्वामित्वधन ब्रासमागे ६०० ऐवजी २०० रुपये आहे.

सर्वांत शेवटी करारनामा. अनामत, मुद्रांक शुल्क, नोंदणी, आणि जागेवर हद्दीचे पक्के खांब. हे खांब पुढे उखडले तर लगेच कळवून पुन्हा बसवा.

सुरुंग आणि माणसं

सुरुंग लावणारी खाण ही खाण सुरक्षेच्या पूर्ण नियमांखाली येते, ती कितीही लहान असो. १९५२ चा खाण कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची परिस्थिती संहितेत सामावला गेला आहे. धनबादला मुख्यालय असलेल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या विभागीय कार्यालयाला काम सुरू करण्याआधी सूचना द्यावी लागते. महिनाभर आधी सूचना देण्याचा जुना शिरस्ता तसाच पाळावा. पात्र मॅनेजर, मेट (कामावर देखरेख करणारा मुकादम) आणि प्रमाणपत्र असलेला ब्लास्टर नेमा. स्फोटकांचा परवाना २००८ च्या स्फोटक नियमांखाली मिळतो आणि तो देणाऱ्या केंद्रीय यंत्रणेचं मुख्यालय नागपूरला आहे. छोट्या खाणी सहसा परवानाधारक ब्लास्टिंग कंत्राटदाराला काम देतात. त्याचा परवाना, ब्लास्टरचं प्रमाणपत्र आणि प्रत्येक बाराची नोंद तुमच्या फाइलला लावा. कडा खालून पोखरून वरचा दगड पाडणं सक्त मना आहे, आणि आपल्याकडे माणसं दगावण्याचं ते मोठं कारण आहे.

या धंद्याचा भार पिढ्यान्‌पिढ्या वडार समाजाने आणि स्थलांतरित मजुरांनी वाहिला. वाघोलीच्या खाणींत मजुरांच्या मुलांसाठी 'संतुलन' संस्थेला पाषाण शाळा काढाव्या लागल्या, कारण खाणमालकांच्या नकाशात शाळा नव्हती. तुमच्या नकाशात मजुरांच्या खोल्या, पाणी, संडास आणि मुलांना शाळेत पोचवण्याची सोय खर्चासह दाखवा. हेल्मेट, बूट, धुळीचा मास्क आणि वर्षाची वैद्यकीय तपासणी हा खर्च ब्रासच्या भावात आधीच धरा.

पहिला ट्रक निघण्याआधी

'महाखनिज' या राज्याच्या ऑनलाइन प्रणालीवर पट्ट्याची आणि वाहनांची नोंदणी करा. गाड्यांना जीपीएस हवं. वाहतूक पासाशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर जाऊ देऊ नका, ओळखीच्या माणसाची घराच्या पायाला डबर नेणारी ट्रॉलीसुद्धा. स्वामित्वधनाचा दर १ जुलै २०२१ पासून ब्रासला ६०० रुपये आहे. आधीच्या उदाहरणातल्या ३४,५०० ब्रासवर ते दोन कोटींच्या वर जातं, आणि खाणबाधित भागासाठीच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी त्याशिवाय वेगळा. दर बदलत असतात, म्हणून भरणा करण्याच्या दिवशीचा दर विचारून घ्या.

काम सुरू होण्याआधी कोऱ्या जमिनीची ईटीएस (इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन या यंत्राने होणारी) मोजणी स्वतःच्या खर्चाने करून तिची प्रत कार्यालयात आवक क्रमांकासह द्या. जागेवर आधीचा जुना खड्डा असेल तर हे फारच महत्त्वाचं, नाहीतर तो खड्डाही तुमच्या नावावर चढतो. त्यानंतर दर वर्षी पावसाळ्याआधी मोजणी करून ती पासांच्या बेरजेशी ताडून पाहा. तफावत आली आणि ती तुमच्या आधी सरकारी मोजणीत निघाली, तर कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

पर्यावरण मंजुरीतल्या अटींचा अनुपालन अहवाल वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला जातो. हे दोन दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. १ जूनच्या अहवालासोबतच खड्ड्याभोवतीचं कुंपण फिरून तपासा, तुटलेली तार आणि पडलेले खांब पाऊस लागायच्या आत उभे करा आणि फाटकाला कुलूप लावा, कारण पाण्याने भरलेल्या खाणीत पोहायला मुलं जूनपासूनच येऊ लागतात.